तांबगडच्या सभेला नाव का नाही

पाहुणे, आत शिरण्याआधी पहिल्या पायरीवर पाय घासा. डावा घासा, उजवा घासा, चप्पल असेल तर चपलेसकट घासा. नुसता टेकवून चालत नाही. मागच्या वर्षी एक मोठे साहेब मोटारीतून उतरले आणि टुणकन उडी मारून थेट वर गेले. आमच्या बायकांनी त्यांना दंडाला धरून खाली आणले, पाय घासायला लावले आणि मगच आत सोडले. पूर्वी राजे येत, आता मंत्री येतात, घरपट्टीची तक्रार घेऊन म्हाताऱ्या येतात. पाय घासल्याशिवाय या सभेत कुणाचे बोलणे ऐकून घेत नाहीत.

आता मान वर करा. दाराच्या कमानीवर ती चौकट दिसते ना? पुरुषभर उंच, दोन हात रुंद. भोवती वेलबुट्टी कशी नेमकी कोरली आहे बघा. आणि मधे? मधे काहीच नाही, भिंतीची उघडी पाठ. एवढी मोठी इमारत, चौऱ्याऐंशी गावांचा कारभार इथून चालला, पण तिला नाव नाही. सगळे तिला नुसते सभा म्हणतात. कुणी म्हणते दगड पडला असेल, कुणी म्हणते बांधणाऱ्याचे पैसे संपले असतील. शहरातली माणसे काय, काहीही म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडून आलेली हकिकत वेगळी आहे आणि ती ऐकून मगच पायरी चढावी.

त्या काळी तांबगडची सभा मोहाच्या झाडाखाली भरायची, असे सांगतात. राजा एका दगडावर बसे, गावोगावचे मुखिया भोवतीच्या दगडांवर बसत. मोहफुले गळायच्या दिवसांत ती मुखियांच्या पागोट्यांवर पडत आणि भांडण कितीही रंगले तरी एखादा त्यातले एक उचलून तोंडात टाकी. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. मग एक राजा गादीवर आला. तरुण होता, देखणा होता आणि नावाचा भुकेला होता. तो नजराणा घेऊन कुठल्याशा बादशहाच्या दरबारी गेला, तिथली संगमरवरी सभा पाहिली आणि तोंड पाडून परतला. तुमची सभा कुठे भरते, असे तिथे कुणी विचारले तेव्हा म्हणे त्याला उत्तर देववेना.

आल्या आल्या त्याने सभेची इमारत बांधायचे फर्मान काढले. सभेपेक्षा उंच घर राज्यात कुणी बांधायचे नाही. सभेला दगड लागेल तो लालखोरीच्या खाणीचा, आणि त्या खाणीचा दगड दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, देवळालासुद्धा नाही. आणि या इमारतीवर एकच नाव राहील, ते राजाचे. राजा बोले आणि दळ हाले. खाणीवर पाथरवटांची वस्ती पडली.

त्या पाथरवटांचा मुख्य होता डोमाजी. त्याचा एकुलता एक मुलगा लटारू आणि लटारूची बायको धुरपता. लग्नाला दोन वर्षे झाली होती. पाथरवटाच्या घरची बाई नुसत्या भाकरी थापत नाही. जात्याला, पाट्याला टाकी लावणे हे तिचेच काम. धुरपता गावोगाव फिरून जाती टाकवी आणि दगडावर टाकीच्या दोन ठोक्यांत तिला कळे की हा टिकणारा की दगा देणारा. डोमाजी कौतुकाने म्हणे, पोराच्या हातात जोर हाय अन सुनेच्या कानात.

लालखोरीचा दगड गुलाबी, देखणा, पण थराचा. खाणीत तो पदरावर पदर टाकून निजलेला असतो. अशा दगडाचा एक नियम आहे, तो पाथरवटाच्या पोराला चालायला लागायच्या आधी समजतो: खाणीत जसा निजला तसाच भिंतीत निजवायचा. उभा केलात तर पावसाचे पाणी पदरात शिरते आणि पापुद्रे सुटू लागतात. राजाने आपल्या नावासाठी पुरुषभर उंच उभी शिळा मागितली तेव्हा डोमाजीने हे हात जोडून सांगितले.

"महाराज, ह्यो दगड निजवाच लागते. उभा केला तर टिकत नाई."

राजा हसला. "माझं नाव निजणार नाही, डोमाजी. ते उभंच राहील."

डोमाजीने वाद घातला नाही. घरी येऊन जेवताना तो एवढेच म्हणाला की नावापुरता काळा दगड दूरच्या डोंगरातून आणू, राजाला आपण समजावू. लटारूने मान डोलावली. धुरपता वाढत होती, तिनेही ते ऐकले.

पावसाळा आला. पावसाळ्यात लालखोरीत खणायचे नाही, ही बापजाद्यांची रीत. पाणी थरात उतरले की कडा घसरतो. पण राजाला दसऱ्याला दरबार भरवायचा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय! काम थांबले तर वस्ती उठवीन, असा निरोप आला. आषाढात एका सकाळी कडा सुटला आणि सात पाथरवट त्याखाली गेले. चौघांची प्रेते मिळाली. तिघांची मिळाली नाहीत, त्यात लटारू होता.

आता पाथरवटांची आणखी एक रीत ऐका, म्हणजे पुढचे कळेल. पाथरवटाला अक्षरओळख नसते, पण प्रत्येकाची एक खूण असते. चार रेघा म्हणा, एखादे टिंब म्हणा. घडवलेल्या दगडाच्या कडेला, भिंतीत चुन्याआड जाईल तिथे, तो ती उठवतो. तीच त्याची सही आणि तेच त्याचे नाव. जो कामावर मरतो त्याची खूण त्या इमारतीच्या दाराशी कोरतात. मग त्याचे श्राद्ध घालायला नदीवर जावे लागत नाही, घरचे लोक त्या दारी येऊन खुणेला हळद लावतात. लटारूचे तर प्रेतही नव्हते. धुरपताला नवऱ्याचे म्हणून जे काही उरणार होते ते त्या दाराच्या दगडावरच उरणार होते.

डोमाजीने स्वतः त्या सात खुणा दाराच्या उजव्या खांबावर कोरल्या. शेवटची लटारूची. त्याच दिवशी दुपारी राजा काम बघायला आला. धुरपता भाकरीची टोपली घेऊन खांबाशी उभी होती. राजाने घोडा थांबवला.

"हे काय आहे?"

"खाणीत गेले त्याहीच्या खुणा हाय, महाराज," डोमाजी म्हणाला. "कामावर मेला त्याची खूण दाराशी ठेवा लागते. आमची रीतच हाय तशी."

"माझ्या फर्मानात नावं किती आहेत?"

डोमाजीने हात जोडले.

"एक आहे," राजा म्हणाला. "या पुसून टाक. माझ्यासमोर."

दुसरा एक पाथरवट पुढे झाला. म्हाताऱ्याच्या हातून हे नको म्हणून त्याने छिन्नी मागितली. राजाने त्याला चाबकाच्या टोकाने बाजूला केले. ज्याने कोरल्या त्यानेच पुसायच्या, असे तो म्हणाला आणि घोड्यावर बसून वाट पाहत राहिला.

डोमाजीने सहा खुणा उडवल्या. सातवीपाशी त्याचा हात थांबला. त्याने सुनेकडे पाहिले. धुरपताने मान हलवली नाही, काही बोलली नाही, आणि त्याबद्दल तिने पुढे आयुष्यभर स्वतःला शिव्या दिल्या. घोडा खूर आपटत होता. म्हाताऱ्याने छिन्नी टेकवली आणि मुलाची खूण उडवली. दगडाची भुकटी भाकरीवर पडली. राजा समाधानाने निघून गेला. डोमाजी घरी आला, भिंतीकडे तोंड करून निजला, अन्नाला शिवला नाही आणि नवव्या दिवशी गेला.

त्याचे तेरावे झाले तसे पाथरवटांनी आपापल्या पिशव्या भरल्या. इमारत पुरी होत आली होती, राहिले होते फक्त नाव. ते आम्ही कोरणार नाही, असे म्हणून सगळे राज्याबाहेर चालते झाले. मागे राहिल्या म्हाताऱ्या, रांडावलेल्या बायका आणि धुरपता.

धुरपता नदीवर गेली. मुठीत पाणी घेऊन ती म्हणाली, म्हणे, की त्याने माझ्या माणसाची खूण पुसली तसे त्याचे नाव या राज्यातून पुसले जाईल, आणि ते मीच पुसीन. ते होईस्तोवर पायात वहाण घालणार नाही. तिला राजाचा जीव नको होता. जीव घेऊन काय होणार? राजा मेला तर समाधीवर छत्री बांधतात आणि छत्रीवर नाव कोरतात. तिला त्याचे नावच हवे होते. तिने वहाणा नदीत सोडल्या आणि सरळ राजवाड्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुमचं नाव कोराले कोणी नाई ना? मी कोरीन."

राजाला आधी विश्वास बसेना. मग तो खूश झाला. सासऱ्याची अक्कल सुनेला आली, असे तो दिवाणाला म्हणाला. ही बातमी वस्तीत पोहोचली तेव्हा सासूने धुरपताचे गाडगे-मडके अंगणात फेकले. बायका तिच्या वाटेवर थुंकल्या. ज्याने नवऱ्याची खूण पुसली त्याचे नाव कोरते, हिच्या तोंडात शेण घाला, असे त्या बोलल्या. धुरपताने ऐकून घेतले. एकीला जरी खरे सांगितले असते तरी संध्याकाळपर्यंत ते राजाच्या कानी गेले असते.

ती लालखोरीत उतरली. ज्या कड्याने लटारूला गिळले त्याच कड्यातून तिने शिळा निवडली. प्रत्येक दगडावर टाकी वाजवून, कान लावून निवडली. पोळीला पदर सुटावेत तसे बारीक पदर असलेली, वरून मात्र डोळ्यांत भरेल इतकी नितळ. तिने ती राजाच्या हुकमाप्रमाणे उभी केली. एका शब्दानेही हुकूम मोडला नाही. अक्षरे तिला येत नव्हती. दिवाणाने जमिनीवर काढून दिली, ती तिने बोटाने गिरवून गिरवून पाठ केली आणि मग दगडात कोरली, खोल, चांगली बोटभर खोल. खोल अक्षर भारदस्त दिसते. त्यात पाणीही जास्त साचते.

दसऱ्याला दरबार भरला. राजाने तिला हिरवे लुगडे दिले. ते तिने सासूच्या दारात ठेवले आणि सासूने ते चुलीत घातले. राजाने नवे फर्मान काढले: यापुढे सभेत जो कुणी येईल त्याने दाराशी उभे राहून, वर बघून, राजाचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि मगच पायरी चढायची. वाचता न येणाऱ्यांनी पाठ करायचे. चौऱ्याऐंशी गावे पाठ करू लागली. पोरे खेळताना ते नाव घेत, गुराखी गुरांना हाकताना घेत.

धुरपताने सभेसमोरच चिंचेखाली आपले बस्तान मांडले. जाती टाकवायची आणि वर बघायचे. पहिला पावसाळा गेला. नाव जसेच्या तसे. दुसरा गेला. उन्हात ते नाव असे झळके की परगावचे लोक थांबून बघत आणि कोरणाऱ्या बाईची तारीफ करत. आपला कान चुकला असेल तर? हा दगड टिकला तर? म्हणजे आपणच आपल्या सासऱ्याच्या मारेकऱ्याचे नाव आचंद्रसूर्य करून ठेवले. त्या विचाराने तिला घास गिळवत नसे. ती उठून शिळेखाली जाई आणि मान मोडेपर्यंत वर बघत बसे. लोक म्हणत, आपल्या कामावर आपणच भाळली आहे.

तिसऱ्या पावसाळ्यात एका अक्षराच्या पोटाशी फुगवटा आला, पुरी तेलात फुगते तेवढाच. धुरपताने तो पाहिला आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

पाचव्या वर्षी, दसऱ्याच्याच दरबारात, भर दुपारी तो पदर सुटला. वारा नव्हता, पाऊस नव्हता. राजा आत नजराणे घेत होता आणि बाहेर धाडकन आवाज झाला. नाव खाली पडले होते. वर शिळा होती, गुलाबी, नितळ, कोरी. कुणी हसले म्हणून शिपायांनी दहा जणांना बडवले, पण आवाज ऐकून सारे गाव जमले होते. त्या गर्दीत धुरपताची सासू होती. पाथरवटाची बायको ती. तिने खाली पडलेला तुकडा उचलला, त्याची कड अंगठ्याने चाचपली, वर शिळेकडे पाहिले, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा सुनेपाशी जाऊन बसली.

"धुरपते, उभा लावला व तू?"

"हव, मामीजी," धुरपता सासूला म्हणाली.

सासूने पदराखालची भाकर काढून तिच्या पुढ्यात ठेवली. मग दोघीही तिथेच बसून जेवल्या. त्या दिवसापासून दोघी एका चुलीवर आल्या.

राजाला कारागिराची चूक वाटली नाही, देवाचा कोप वाटला. त्याने बकरे कापले, ब्राह्मण जेवू घातले, ज्योतिषी बोलावले. आणि नाव पुन्हा कोरायला धुरपतालाच बोलावले, कारण दुसरे कुणी यायला तयार नव्हते. तिने पहिल्यापेक्षा खोल कोरले. सहा वर्षांनी तेही पडले. तिसऱ्यांदा कोरले, तेही पडले. तोवर शिळा भाकरीएवढी पातळ झाली होती आणि राजा म्हातारा झाला होता. त्याला मूल नव्हते. पुतण्या गादीची वाट बघत होता. मागे राहणार होते ते फक्त नाव, आणि नाव काही वर राहायला तयार नव्हते. राजाची झोप उडाली, असे सांगतात. खुट्ट वाजले तरी तो विचारी, पडले का?

शेवटी त्याने धुरपताला समोर बोलावले आणि दिवाणाखेरीज सगळ्यांना बाहेर काढले. ती दारात उभी राहिली, अनवाणी, पायांना भेगा पडलेली.

"खरं सांग. दगड का टिकत नाही?"

"उभा हाय म्हणून टिकत नाई. थराचा दगड निजवा लागते."

हे वाक्य राजाने पूर्वी कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते.

"तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणाऱ्याले तुमी त्याच्याच पोराची खूण पुसाले लावली," धुरपता म्हणाली. "मले पुसाले काहीच उरलं नव्हतं. मंग म्या तुमचं नाव घेतलं."

दिवाणाने तलवारीला हात घातला. तुम्ही म्हणाल, आता हिचे मुंडके उडाले. पण राजाने दिवाणाचा हात धरला. ही मेली तर नाव कोरणार कोण? साऱ्या राज्यात त्याच्या नावाला हात लावणारी ही एकच बाई होती आणि हे तिलाही ठाऊक होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. पण त्या दिवशी राजाचा पीळ गेला. तो म्हणे हात जोडून म्हणाला, "टिकेल असं सांग. कुठंही सांग."

"निजवलं तर टिकन. पण वर निजवाले जागा नाई. निजवाची जागा एकच हाय, पायरी."

राजाने तीन दिवस विचार केला. वर नाव ठेवले तर पडणार, खाली ठेवले तर पायाखाली येणार. चौथ्या दिवशी त्याने पातळ झालेली शिळा उतरवली आणि पहिल्या पायरीवर नाव कोरायला सांगितले. सोबत आणखी एक फर्मान निघाले: या पायरीवर कुणी पाऊल ठेवायचे नाही, ओलांडून जायचे. जो पाऊल ठेवील त्याचा पाय तोडू.

धुरपताने पायरी घडवली. यावेळी तिने चांगला दगड निवडला, खाणीत होता तसाच निजवला, कामात केसाएवढी खोट ठेवली नाही. तिला राजाचे नाव पावसाच्या हाती द्यायचे नव्हते. तो हिशेब आता माणसांनीच पुरा करावा असे तिच्या मनात होते. आणि राजा किती दिवस जगणार हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

माघात राजा गेला. त्याच्या तेराव्याला पुतण्याला गादीवर बसवायला चौऱ्याऐंशी गावांचे मुखिया सभेसमोर जमले. सवयीने सगळे पायरीपाशी थांबले, सवयीने पहिल्या मुखियाने लांब टांग टाकायला पाय उचलला. तेवढ्यात चिंचेखालून धुरपता उठली. केस पांढरे झाले होते. ती गर्दीतून चालत आली, पायरीवर उभी राहिली आणि राजाच्या नावावर तिने आपला भेगाळलेला अनवाणी पाय घासला. डावा घासला, उजवा घासला. भाकरीवरची दगडाची भुकटी तिच्या डोळ्यांसमोर होती, असे सांगतात. मग ती बाजूला झाली.

शिपाई पुढे झाले नाहीत. त्यांच्यातल्या एकाचा बाप लालखोरीत गेला होता. सासू काठी टेकत आली, तिने पाय घासला. मग सातांच्या घरच्या बायका आल्या. मग पहिला मुखिया आला आणि त्याच्यामागे सगळे. शेवटी उरला तो नवा राजा. सगळे त्याच्याकडे बघत होते. पोरगे शहाणे होते. त्याने जरीचे जोडे काढले, पायरीवर उभे राहून दोन्ही पाय घासले आणि मगच गादीवर जाऊन बसला.

चौऱ्याऐंशी गावांची माणसे सभेला येत. कुणाला शेताची हद्द मिटवायची, कुणाला जंगलात गुरे सोडायची परवानगी हवी. येणारा प्रत्येक जण मन लावून पाय घासी, आणि ते नाव पुन्हा कुणी तोंडातून काढले नाही. बोटभर खोल अक्षरे, पण अकरा वर्षांत सपाट झाली. ज्या दिवशी शेवटची रेघ गेली त्या दिवशी धुरपताने पायरीवर तळहात फिरवून खात्री केली आणि बाजारात जाऊन वहाणा घेतल्या. त्या तिला लागत होत्या, तरी घातल्या.

नव्या राजाने तिला सन्मानाने बोलावले. तो म्हणाला, "आई, वरची चौकट रिकामी आहे. तिथे त्या सातांच्या खुणा कोर. ही सभा त्यांच्या नावाची." सगळ्या सभेने होकार दिला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनी सहा खुणा सांगितल्या, कारण त्या घराघरांत बायकांनी पिठात, शेणात, भिंतीवर काढून जपल्या होत्या. सातवी लटारूची. ती धुरपताखेरीज कुणाला विचारणार? सासू मरून गेली होती.

धुरपता परांचीवर चढली. टाकी हातात घेतली. दूरच्या डोंगरातून आणलेला काळा दगड चौकटीत समोर होता, बिनथराचा, उभा केला तरी टिकणारा. तिने डोळे मिटले. लग्न झाल्यावर एकदा लटारूने तिला अंगणातल्या धुळीत आपली खूण काढून दाखवली होती आणि वाकडीच आहे म्हणून ती हसली होती, एवढे तिला आठवले. पण खूण आठवेना. तीन रेघा होत्या की चार? टिंब वर होते की खाली? ती दुपारभर परांचीवर बसली. डोळे मिटले की राजाची अक्षरे दिसत. पस्तीस वर्षे तिने त्यांनाच पाहिले होते, चार वेळा आपल्या हाताने कोरले होते. तिच्या बोटांना तीच पाठ होती.

खालून कुणी तरी म्हणाले, काहीतरी कोर गं, कुणाला कळणार आहे. धुरपता खाली उतरली. आयुष्यात रडली नव्हती ती बाई त्या दिवशी पायरीवर बसून मोठ्याने रडली.

"नको कोरू काहीच," ती म्हणाली. "माह्या माणसाची खूण नाई, तं कोणाचीच नको."

त्यावर सभेने काळा दगड उतरवला आणि नावाबद्दल ठराव केला, तो शेवटचा. या इमारतीला कुणाचेही नाव द्यायचे नाही. तेव्हापासून कितीजण येऊन गेले. आपल्या आजोबांचे नाव द्या म्हणणारे आले, पुढाऱ्याचे नाव द्या म्हणणारे मोर्चे आले, एकदा तर संगमरवरी पाटी घडवून ट्रकमध्ये घालून आणली होती. पायरीपाशी आले, हकिकत ऐकली, पाय घासले आणि पाटी घेऊन परत गेले. राजाचे नाव काय होते, असे तुमच्यासारखे पाहुणे विचारतात. आम्हाला ठाऊक नाही. चौऱ्याऐंशी गावांत कुणालाच ठाऊक नाही. धुरपताचा सूड पुरा झाला, त्यात शंका नाही.

राज्याबाहेर गेलेल्या पाथरवटांची पोरेनातवंडे पुढे तांबगडला परतली, आणि आजही त्यांच्या घरी नवी सून आली की माप ओलांडायच्या आधी तिच्यापुढे परातीत पीठ ठेवतात. नवरा त्यात आपली खूण काढतो, पुसतो आणि मग सुनेने ती बोटाने काढायची असते. चुकली तर पुन्हा, पुन्हा चुकली तर पुन्हा. वऱ्हाडी ताटकळतात, पोरी चेष्टा करतात, नवरी लाजून हसते. सासू मात्र हसत नाही. सात वेळा बिनचूक काढल्याशिवाय ती सुनेला उंबऱ्याच्या आत घेत नाही.